झिंक डी-खंडात बसतं, मग ट्रान्झिशन मेटल का नाही?

ऐरोलीची_मावशी | ऐरोली

नमस्कार मंडळी. मी घरी आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. यंदा भाची बारावी सायन्सला आहे आणि तिची केमिस्ट्री माझ्या गळ्यात पडलीय. दहावीपर्यंत माझं बरं चालतं. आवर्तसारणीत डावीकडे एस-खंड, उजवीकडे पी-खंड, मधे गण ३ ते १२ म्हणजे डी-खंड, त्यांना संक्रामक (ट्रान्झिशन) मूलद्रव्यं म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं.

बारावीत मात्र घोळ आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर ‘गण ३ ते १२ मधली सर्व मूलद्रव्ये ट्रान्झिशन मेटल्स होत’ असं छापलंय आणि त्याच नोट्सच्या शेवटी सरावाचा प्रश्न आहे: ‘झिंकला ट्रान्झिशन मूलद्रव्य का मानत नाहीत? कारण द्या.’ अहो, आधी तुम्हीच मानलंत ना! पोरीने टेस्टमध्ये पहिल्या पानाप्रमाणे लिहिलं, मार्क गेले, घरात रडारड.

‘डी उपकवच पूर्ण भरलेलं असतं म्हणून’ हे ठरलेलं उत्तर मलाही पाठ आहे (उपकवच म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनचा एक कप्पा; ३डी, ४एस ही अशाच कप्प्यांची नावं). पण ती विचारते, भरलेलं असलं तर बिघडलं काय? कॉपरचंही भरलेलंच असतं की, ३डीमध्ये १० आणि ४एसमध्ये १. मग कॉपर चालतं आणि शेजारचं झिंक का नाही? आणि नाहीच चालत तर त्याला त्या खणात बसवलंय कशाला?

व्याख्या नको, ती पुस्तकात आहे. तिला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी सांगा.


घोडबंदरकर | ठाणे पश्चिम

ताई, बोर्डात जे विचारतात ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं. जेईईला बसणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर झिंकने कुणाचं घोडं मारलंय?


प्लेटिंगवाला | रबाळे एमआयडीसी

मावशी, डोळ्यांनीच बघायचं असेल तर आमच्या धंद्यासारखी जागा नाही. आमचं इलेक्ट्रोप्लेटिंगचं युनिट आहे. नट-बोल्ट, ब्रॅकेट, नळाच्या तोट्या, येईल तो जॉब. शेडमध्ये ओळीने टाक्या आहेत आणि तुमच्या भाचीचा निम्मा धडा त्या टाक्यांत आहे.

निकेलची टाकी हिरवीगार. अॅसिड कॉपरची निळी, इतकी गडद की रॅक आत सोडला की चार बोटांखाली दिसेनासा होतो. क्रोमची लालसर काळी. आणि झिंकची? पाणी! ब्राइटनरमुळे (चकाकी आणणाऱ्या रसायनामुळे) जराशी पिवळट झाक येते, पण तळाला पडलेला बोल्ट वरून स्वच्छ दिसतो. नवीन पोरगा कामाला लागला की हमखास विचारतो, ‘शेठ, यात माल टाकायचाय का अजून?’ माल असतो बाबा, लिटरला तीस-पस्तीस ग्रॅम झिंक विरघळलेलं असतं त्यात. दिसत नाही, एवढंच.

का दिसत नाही ते असं. डीमध्ये पाच कक्षिका, प्रत्येकीत दोन, म्हणजे दहा इलेक्ट्रॉनची सोय. धातूचा आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) पाण्यात आला की त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात आणि त्या पाच कक्षिका एका पातळीवर राहत नाहीत. तीन खाली, दोन वर. प्रकाश पडला की खालचा एखादा इलेक्ट्रॉन त्यातला थोडा प्रकाश खाऊन वर चढतो. जो रंग खाल्ला तो गेला, उरलेला आपल्याला दिसतो. पण वर चढायला वर जागा रिकामी हवी. लहानपणी ते सरकत्या चौकोनांचं कोडं असायचं ना, पंधरा तुकडे आणि एक घर रिकामं? ते एक घर भरून टाका, मग बसा ढकलत, एक तुकडा हलणार नाही. निकेलच्या आयनात डीमध्ये ८, कॉपरच्या आयनात ९, झिंकच्या आयनात १०. झिंकने कोडं भरून टाकलंय.

आता भाचीची मेख, कॉपरची. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तांब्याच्या अणूत ३डी भरलेलाच असतो. पण टाकीत अणू नसतो, आयन असतो. सल्फेटच्या बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) तांबं ४एसमधला एक इलेक्ट्रॉन देतं आणि वर डीमधलाही एक सोडतं. उरले ९, एक जागा झाली, रंग आला. आणि गंमत बघा, आमच्याकडे तांब्याची दुसरी टाकी आहे, सायनाइड कॉपरची. झिंकच्या डायकास्ट जॉबवर आधी तोच थर द्यावा लागतो, थेट अॅसिड कॉपरमध्ये घातला तर जॉब खाल्ला जातो. त्या बाथमध्ये तांबं +१ असतं, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन दिलेलं, डीमध्ये पूर्ण १०. ती टाकी निळी नाही, जवळजवळ बिनरंगी आहे. तांबं तेच, दोन टाक्यांत दोन तऱ्हा. म्हणजे +१ मध्ये तांबं झिंकसारखं दिसतं, +२ मध्ये निकेलच्या पंगतीला जाऊन बसतं. झिंकला असा दुसरा अवतारच नाही.

रंग हा वरवरचा पुरावा वाटत असेल तर लोखंडाचं सांगतो. झिंकच्या बॅरलमधून बोल्ट तळाला पडतात. बाथ किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास, त्यात लोखंड हळूहळू विरघळत राहतं. ते वाढलं की जॉबच्या कडा काळपट यायला लागतात आणि पार्टीचा फोन येतो. मग आम्ही संध्याकाळी लाइन बंद करून पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड ढवळत ढवळत सोडतो. थोड्या वेळात त्या स्वच्छ पाण्यात गंजाचा गढूळपणा उठतो. रात्रभर फिल्टर चालवायचा. सकाळी फिल्टर उघडला की आत विटकरी चिखल आणि टाकी पुन्हा नितळ.

झालं काय? लोखंड +२ होतं, विरघळलेलं. पेरॉक्साइडने त्याचं +३ केलं आणि त्या पीएचला +३ चं लोखंड पाण्यात राहत नाही, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. झिंक त्याच टाकीत, लोखंडाच्या कित्येक पट जास्त, त्यालाही तेच पेरॉक्साइड लागलं, पण ते ढिम्म. +२ होतं, +२ राहिलं. लोखंड बदलतं आणि झिंक बदलत नाही म्हणून आमचा बाथ वाचतो, नाहीतर प्रत्येक वेळी टाकीभर माल ओतून द्यावा लागला असता.

खणाचं विचाराल तर तो हिशेबाने मिळालाय. अणुक्रमांक २१ च्या स्कँडियमपासून ३डी भरायला लागतो, दहा जागा, म्हणून दहा खण, ३० वर झिंक. ३१ ला गॅलियम, तिथे ४पी सुरू. झिंकला उचलून दुसरीकडे न्यायचं तर ते जाणार कुठे?

अजून एक. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी-पिवळे बोल्ट मिळतात, इंद्रधनुष्यासारखी झाक असलेले, त्यांना सगळे ‘पिवळं झिंक’ म्हणतात. तो रंग झिंकचा नाही, वरून दिलेल्या क्रोमेट पॅसिव्हेशनचा (गंज रोखणाऱ्या क्रोमियमच्या पातळ थराचा) आहे. भाचीने ते उदाहरण उलटं लावू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.


ऐरोलीची_मावशी | ऐरोली

दादा, काय सांगू तुम्हाला, पोरगी दोनदा वाचून गेली. आणि लगेच नवा प्रश्न घेऊन आली. क्रोमची टाकी लालसर म्हणालात. क्रोमिक अॅसिडमध्ये क्रोमियम +६ असतं. अणूत ३डीमध्ये ५ आणि ४एसमध्ये १, सहाही दिले तर डीमध्ये शून्य. खाली इलेक्ट्रॉनच नाही तर वर चढतं कोण? मग रंग कसला?


केमिस्ट्रीची_लेक्चरर | नौपाडा

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे मार्क कापले गेले हे वाचून वाईट वाटलं.

तिचं बरोबर आहे, क्रोमियम +६ मध्ये डी इलेक्ट्रॉन नाही आणि तो रंग डीमधल्या डीमध्ये उडी मारल्याने येत नाही. तिथे क्रोमियमला चिकटलेल्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन प्रकाश घेऊन क्षणभर क्रोमियमच्या रिकाम्या डीमध्ये जातो. याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंगही असाच, तिथेही मँगॅनीज +७, डी रिकामा. हे रंग जास्त गडद असतात. परमँगनेटचा एक खडा बादलीभर पाणी रंगवतो, निकेल सल्फेटचा एक खडा टाकला तर कळणारही नाही. त्यामुळे ‘रंग आहे म्हणजे अर्धवट भरलेला डी’ असं उलटं लिहायचं नाही. प्लेटिंगवाल्यांची चाचणी निकेल, कॉपर, झिंकला चोख लागू पडते, क्रोमिक अॅसिडला नाही.

आता नोट्सच्या घोळाबद्दल. दोन्ही वाक्यांना आधार आहे, हीच पंचाईत. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आययूपॅकची व्याख्या अशी की ज्याच्या अणूत डी उपकवच अर्धवट भरलेलं आहे, किंवा ज्याच्यापासून अर्धवट डी असलेले धन आयन होऊ शकतात, ते ट्रान्झिशन मूलद्रव्य. यात झिंक बसत नाही. पण त्याच संघटनेच्या २००५ च्या नामकरणाच्या पुस्तकात गण ३ ते १२ ला डी-खंड म्हटलंय, त्यांनाच सर्रास ट्रान्झिशन मूलद्रव्यं म्हणतात असंही म्हटलंय आणि गण १२ चा समावेश नेहमी करतातच असं नाही अशी पुस्ती जोडलीय. क्लासच्या नोट्स लिहिणाऱ्याने एक वाक्य इकडून आणि एक तिकडून उचललं आणि मधली पुस्ती गाळली. शिकवणाऱ्याने ती गाळायला नको होती, माझं स्पष्ट मत आहे.

व्याख्येतला तो ‘किंवा’ भाचीला नीट दाखवा, सगळी कुलुपं त्याने उघडतात. स्कँडियमचे क्षार पांढरे, आयन +३, त्यात डी रिकामा, तरी ते ट्रान्झिशन. कारण अणूत डीमध्ये १ आहे. कॉपर अणूमुळे बाहेर राहिलं असतं, आयनामुळे आत आलं. पॅलेडियम तर अणूमध्ये ४डीत १० आणि ५एसमध्ये शून्य असं आहे, पण +२ झालं की ८. झिंक आणि कॅडमियम दोन्ही दारांवर अडतात.

आणि झिंक अजून एक इलेक्ट्रॉन का देत नाही, तर किंमत परवडत नाही. कॉपरचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे १,९५८ किलोज्यूल लागतात. झिंकचा तिसरा काढायला ३,८३३. एवढी ऊर्जा पाण्यातल्या कुठल्या विक्रियेतून भरून निघत नाही. झिंकचे डीमधले इलेक्ट्रॉन धातूच्या बंधातही फारसे उतरत नाहीत, म्हणून ते ४२० अंशांच्या आतच वितळतं. कॉपर १,०८५ ला, क्रोमियम १,९०७ ला. झिंकच्याच गणातला पारा तर घरातल्या तापमानालाच द्रव.

पाऱ्यावरून एक भर, परीक्षेसाठी नव्हे. २००७ मध्ये गोठवलेल्या निऑनमध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास, पाऱ्याचं टेट्राफ्लुओराइड सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्यात पारा +४, म्हणजे डीमध्ये ८. मग पारा ट्रान्झिशन झाला का यावर बरीच वादावादी झाली. एवढ्या थंडीत जेमतेम टिकणाऱ्या रेणूवरून अख्खा गण हलवायचा नाही, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे.

बोर्डासाठी एवढंच: ‘झिंकमध्ये मूळ अवस्थेत तसेच त्याच्या +२ या नेहमीच्या ऑक्सिडेशन अवस्थेतही ३डी कक्षिका पूर्ण भरलेल्या असतात, म्हणून ते डी-खंडात असूनही ट्रान्झिशन मूलद्रव्य मानले जात नाही.’ ‘तसेच’ शब्द गाळू नका. अर्धी मुलं फक्त अणूबद्दल लिहितात, मग ते उत्तर कॉपरलाही लागू होतं.


प्लेटिंगवाला | रबाळे एमआयडीसी

मॅडम, क्रोमचं एकदम पटलं. आमच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) हे रोज दिसतं. क्रोमचं धुवणाचं पाणी पिवळंधमक येतं. सल्फ्युरिक टाकून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. ढवळता ढवळता पिवळा जातो आणि हिरवट येतो. +६ चं +३ झालं, आता डीमध्ये ३ आहेत. मग कॉस्टिक सोडून पीएच साडेआठपर्यंत चढवला की मळकट हिरवा गाळ बसतो. तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून तळोज्याला पाठवायचा. हे करावंच लागतं, +६ चं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे. युरोपात इलेक्ट्रॉनिक्सच्या मालावर जुलै २००६ पासून त्यावर बंधन आलं, तेव्हापासून एक्सपोर्टवाल्या पार्ट्या पिवळं पॅसिव्हेशन नको, ट्रायव्हॅलंट (+३ च्या क्रोमियमचं) द्या म्हणतात.

झिंकच्या पाण्याला असं काही करावं लागत नाही. थेट कॉस्टिक, पांढरा गाळ. फक्त हात आवरता घ्यायचा, कॉस्टिक जास्त झालं तर तोच गाळ परत विरघळतो, अॅल्युमिनियमसारखा. इथेही झिंकचे नातेवाईक भलतीकडेच निघतात.


खाडीपलीकडचे_काका | वाशी

मी ट्रॉम्बेतून निवृत्त. आमच्या वेळी १ ते १८ हे आकडे नव्हते, ते आययूपॅकने १९८८ मध्ये सुचवले. आमच्या तक्त्यावर झिंक ‘टू-बी’ असायचं आणि मॅग्नेशियम ‘टू-ए’. मेंडेलीव्हने १८७१ च्या तक्त्यात आठच गण केले होते, तेव्हा झिंक आणि मॅग्नेशियम एकाच गणात होते. इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता, तो १८९७ चा. मेंडेलीव्हने अणुभार आणि वागणूक बघितली, आणि वागणुकीत ते चुकीचं नाही. दोघेही +२ सोडून काही होत नाहीत. एप्सम सॉल्ट आणि झिंक सल्फेट शेजारी ठेवा, दोन्ही पांढरे, दोन्हींत पाण्याचे सात रेणू, स्फटिकांचा घाटसुद्धा एकच. नुसतं बघून सांगून दाखवा कोणता कुठला!

उलट पद्धतीने त्याच तक्त्यात तांबं सोडियमच्या गणात आणि मँगॅनीज क्लोरीनच्या गणात जाऊन पडलं होतं. परमँगनेट आणि परक्लोरेटचं सूत्र सारखं दिसतं एवढ्यावर. म्हणजे वागणुकीवरून बसवलं तरी भानगड, मोजून बसवलं तरी भानगड.

ट्रान्झिशनमध्ये खालच्या ओळीत काय होतं तेही पोरीला सांगा. गण ४ मध्ये झिर्कोनियम आणि त्याखाली हाफ्नियम. मध्ये लॅन्थेनाइड्सची चौदा घरं भरताना आकार आक्रसत जातो, त्यामुळे एक ओळ खाली असूनही हाफ्नियम झिर्कोनियमएवढंच राहतं. रसायनही जुळ्यांसारखं. कोस्टर आणि हेवेशी यांना ते १९२३ मध्ये कोपनहेगनला झिर्कोनियमच्या खनिजातच सापडलं, क्ष-किरणांच्या रेषांवरून. तोवर लोक शुद्ध म्हणून वापरत असलेल्या झिर्कोनियममध्येही ते होतंच. अणुभट्टीत मात्र दोघांचं अजिबात जमत नाही. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास अडवत नाही, म्हणून तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या इंधनाच्या नळ्या त्याच्या मिश्रधातूच्या. हाफ्नियम त्याच्या पाचशेहून अधिक पट न्यूट्रॉन गिळतं. ते वेगळं काढणं हा अणुइंधनातला किचकट उद्योग आहे.


घोडबंदरकर | ठाणे पश्चिम

काका, मावशींनी झिंक विचारलं होतं, तुम्ही तारापूरला पोहोचलात. पण वाचायला मजा आली. आता हे सगळं एमआयडीसीत न जाता घरी बघता येईल का?


प्लेटिंगवाला | रबाळे एमआयडीसी

येईल. शेडमध्ये मी मुलांना घेत नाही, क्रोम आणि सायनाइड असलेल्या जागी कॉलेजच्या पोरांना फिरवायचं नसतं. घरी तीन ग्लास पुरे.

मोरचूद (कॉपर सल्फेट), हिराकस (लोखंडाचं सल्फेट) आणि झिंक सल्फेट. पहिले दोन ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला कुठल्यातरी जुन्या दुकानात मिळतील, तिसरं खताच्या दुकानात किंवा नर्सरीत. खतातलं झिंक सल्फेट कधी मळकट असतं, फडक्यातून गाळून घ्या. जुनं हिराकस बरणीतच तपकिरी झालेलं असतं, ते घेऊ नका, फिकट हिरवं बघून घ्या. प्लास्टिकचे टाकाऊ ग्लास वापरा, मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं नको. प्रत्येकी अर्धा चमचा, अर्धा ग्लास पाणी. एक निळा, एक फिकट हिरवा, एक बिनरंगी. मग औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं हिराकसमध्ये आणि झिंकमध्ये. मोरचुदात नको.


ऐरोलीची_मावशी | ऐरोली

केलं! बाल्कनीत, वर्तमानपत्र अंथरून. झिंकच्या ग्लासात काहीच नाही, भाची म्हणाली ‘मावशी, हे मेलंय का?’ हिराकसमध्ये पहिल्या थेंबांनाच पिवळट तपकिरी लोट उठला आणि बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. हे ठीक. पण नंतरही बुडबुडे येत राहिले आणि ग्लास हाताला कोमट लागला. पेरॉक्साइड जास्त झालं का? घाबरण्यासारखं आहे का काही?


केमिस्ट्रीची_लेक्चरर | नौपाडा

घाबरू नका, ते बुडबुडे ऑक्सिजनचे. लोखंडाचं +३ झालं तरी काम संपत नाही. ते उरलेल्या पेरॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा +२ होतं, पुन्हा देऊन +३, आणि या देवघेवीत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं, उष्णता सुटते. लोखंड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणजे तुमच्या ग्लासात उत्प्रेरक तयार झालाय. धड्यात ट्रान्झिशन मेटल्सचे गुणधर्म म्हणून रंग, बदलत्या ऑक्सिडेशन अवस्था आणि उत्प्रेरण असे वेगवेगळे मुद्दे येतात. तिला विचारा, झिंकच्या ग्लासात तिन्ही एकदम का गैरहजर आहेत. तिचं तिला सांगता यायला हवं.


प्लेटिंगवाला | रबाळे एमआयडीसी

आणि ते पाणी शाळेत दाखवायला म्हणून बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, बुडबुडे थांबेपर्यंत उघडंच राहू द्या, नाहीतर बाटली फुगून फुटेल. हिराकस आणि झिंकचं पाणी नंतर भरपूर पाण्याबरोबर ओतून दिलं तरी चालेल. मोरचुदाचं मात्र कुंडीत नको, झाड मरेल. ते बाटलीत भरून, लेबल लावून, भाचीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये द्या.